फुटलेला केस, तुटलेली फिन: जुन्या मोटरसायकलींचं वेल्डिंग

गणपती झाले की आमच्या वर्कशॉपच्या दारात एक ठरलेला टेम्पो लागतो. मुंबईहून आलेल्या कुणाला तरी पडवीत गोणपाटाखाली आजोबांची गाडी सापडलेली असते. कधी जावा, कधी येझदी, कधी मद्रासची बुलेट, एखादी राजदूत. तीसेक पावसाळे उभ्या उभ्या काढलेली. उतरवताना एखादी फिन (इंजिन थंड ठेवणारी धातूची पात) हातात येते, नाहीतर इंजिनाच्या केसाला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाला, चीर दिसते, आणि लगेच प्रश्न येतो, "वेल्डिंग मारून होईल ना?"

बहुतेक वेळा होतं. पण या कामात प्रत्यक्ष वेल्डिंग दहातला एक हिस्सा. उरलेले नऊ हिस्से धातू ओळखण्यात, त्यात मुरलेलं तेल आणि मीठ काढण्यात आणि कुठल्या भागाला हात लावायचाच नाही हे ठरवण्यात जातात. ज्यांना हे काम स्वतः करायचंय, किंवा वेल्डरच्या शेजारी उभं राहून नीट करून घ्यायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

फुटलेला केस टाकून दुसरा का बसवू नये, असं पुष्कळ जण विचारतात. इंजिन नंबर केसावर ठोकलेला असतो आणि तोच आरसी बुकात असतो. दुसऱ्या गाडीचा केस घातला की गाडी आणि कागद यांची फारकत होते. शिवाय म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्येच बंद पडला. ब्लॉक (पिस्टन ज्यात वरखाली होतो तो सिलिंडर), पिस्टन, रबरं आज नवी बनवलेली मिळतात. त्या नंबराचा केस मात्र जगात एकच.

आधी धातू ओळखा

लोहचुंबक खिशात ठेवा. चिकटला तर लोखंड, पोलाद किंवा बीड (कास्ट आयर्न). नाही चिकटला तर ॲल्युमिनियम, जस्त, पितळ किंवा काही जातींचं स्टेनलेस.

चिकटणाऱ्यांत बीड वेगळं काढायचं असेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यावर ग्राइंडर हलकेच टेकवा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, पिवळट आणि सरळ जातात. बिडाच्या आखूड, लालसर, चाकाजवळच विझणाऱ्या. कानस मारली तर बिडाची काळसर पूड पडते, लोखंडाचे चकचकीत कण निघतात. ज्यांच्या घरी घावण्यांचा बिडाचा तवा आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको: तोच ठिसूळपणा, पडला की वाकणार नाही, दोन तुकडे होतील.

न चिकटणाऱ्यांत घोटाळा ॲल्युमिनियम आणि जस्ताचा. तेवढ्याच आकाराचं जस्ताचं कास्टिंग जवळजवळ अडीच पट जड लागतं. बहुतेक कार्ब्युरेटरची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि ती ४०० अंशांच्या आतच वितळते. तिच्यावर टॉर्च लावलात तर काही सेकंदांत बाकावर चांदीचं डबकं दिसेल. मी ते पाहिलंय, आणि डबकं माझंच होतं.

"कास्ट आयर्न बुलेट" या नावानंही लोक फसतात. त्या इंजिनात बिडाचा असतो तो ब्लॉक. खालचा केस ॲल्युमिनियमचाच. जावा-येझदीतही ब्लॉक बिडाचा, हेड आणि केस ॲल्युमिनियमचे. म्हणजे एकाच इंजिनात दोन पूर्ण वेगळ्या पद्धतीची कामं.

एसी आहे का, हे विचारा

रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीत किंवा लोटे-परशुरामला टिग (टंगस्टनची सुई आणि आर्गन वायू वापरून करायचं वेल्डिंग) वेल्डरचा तोटा नाही. केमिकल कंपन्यांचे पाइप, मासळीच्या कारखान्यांतली स्टेनलेसची टेबलं यावर त्यांचे हात बसलेत, काहींचा टाका तर पाहत राहावा असा. पण स्टेनलेसला डीसी (एकाच दिशेनं वाहणारी वीज) पुरतं, त्यामुळे बहुतेकांचं मशीन निव्वळ डीसी असतं. ॲल्युमिनियमला एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज, लागते.

कारण असं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्या अंगावर हवेनं आपोआप धरलेला ऑक्साइडचा पापुद्रा सुमारे २०५० अंशांशिवाय वितळत नाही. दुधावर जाड साय धरावी आणि खालून उकळी फुटावी, तसं होतं: आत सगळं पातळ, वरची कातडी जागच्या जागी, आणि एकदम सगळं खाली बसतं. एसीच्या अर्ध्या आवर्तनात तो पापुद्रा फुटतो, उरलेल्या अर्ध्यात उष्णता आत जाते. "डीसीवर करून देतो, काळजी करू नका" असं कुणी म्हणालं की केस उचलावा आणि चहा घेऊन घरी यावं. एसीची सोय जवळ नसेल तर आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं. फाउंड्रीचं गाव आहे, कास्टिंगला टाके घालणारे तिथे जुने हात आहेत.

ॲल्युमिनियमचा केस

पावसजवळचे एक निवृत्त गुरुजी त्यांची येझदी घेऊन आले होते. कधी काळी चेन तुटून पुढच्या स्प्रॉकेटशी गोळा झाली होती आणि केसाचा आंब्याच्या कोयीएवढा तुकडा उडाला होता. त्यावर कुणीतरी एम-सील थापलं होतं, त्यावर अजून एकानं थापलं होतं. त्या कामाच्या आधारानं सांगतो.

इंजिन पूर्ण उघडा. बेअरिंगं, सील, बुश, सगळं बाहेर. बेअरिंग आत ठेवून वेल्डिंग केलं तर त्याचं ग्रीस जळतं आणि करंट गोळ्यांमधून गेला तर ट्रॅकवर खड्डे पडतात.

मग धुणं. आधी रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रश, मग कपड्यांच्या पावडरीचं कढत पाणी. आपल्या किनाऱ्यावर इथे एक पायरी जास्तीची: केस गोड्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा आणि सकाळी पाणी बदला. खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या ॲल्युमिनियमवर जो पांढरा भुगा दिसतो, त्याच्याखालच्या बारीक खड्ड्यांत मीठ बसलेलं असतं. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी चढलेल्या चिपळूणच्या गाड्या आमच्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या केसांच्या खाचाखोचांत गाळ सिमेंटासारखा घट्ट झाला होता. तो तारेनं कोरूनच काढावा लागतो.

ब्रेक क्लीनरचा स्प्रे मारून लगेच वेल्डिंग करायचं नाही. त्यातल्या काहींत क्लोरीनयुक्त द्रावक असतं. आर्कच्या (वेल्डिंगच्या विजेच्या ज्योतीच्या) उजेडात आणि उष्णतेत त्याचा फॉस्जीन वायू होतो, पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला तोच. शेवटचा हात ॲसिटोनचा फिरवा आणि पूर्ण सुकू द्या.

आता भाजणं. जुनं कास्टिंग सच्छिद्र असतं, तीस वर्षांचं तेल त्यात झिरपलेलं असतं. १५० ते २०० अंशांवर तासभर तापवा. तेल घामासारखं वर येतं. पुसा, परत तापवा. गुरुजींच्या केसाला हे चार वेळा केलं, चौथ्यांदा फडका पांढरा राहिला. माझ्या पहिल्यावहिल्या केसाला मी हे केलं नव्हतं. टाका बाहेरून सुंदर दिसत होता, आत बुडबुड्यांची जाळी होती, आणि गणपतीपुळ्याला जाऊन येईपर्यंत बूट तेलानं भिजला.

ओव्हन नसेल तर पत्र्याच्या डब्यात करवंट्यांचे निखारे चालतात, फक्त कास्टिंग निखाऱ्यांवर थेट ठेवू नका, मध्ये जाळी आणि वीतभर अंतर ठेवा. ॲल्युमिनियम वितळेपर्यंत रंग बदलत नाही, त्यामुळे "लाल झालं की थांबू" हा लोखंडाचा हिशेब इथे माणसाला बुडवतो. पाण्याचा थेंब टाका. सुर्र करून विरला तर अजून जागा आहे. तव्यावर नाचतो तसा गोळी होऊन पळाला तर दोनशेच्या आसपास आलात, पुरे.

चीर कुठे संपते ते डोळ्याला दिसत नाही. डाय पेनिट्रंटचा (चिरेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगाचा) संच मिळाला तर उत्तम. नाहीतर रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि वर खडूची पूड शिंपडा. चिरेत शिरलेलं रॉकेल पुडीवर रेघ उमटवतं. रेघ जिथे संपते त्याच्या किंचित पुढे ३ मिमीचं भोक पाडा, दोन्ही टोकांना. हे भोक नसेल तर टाक्याच्या उष्णतेनंच चीर पुढे पळते.

भेगेला खाच पाडायची ती कार्बाइड बरनं किंवा कानशीनं, साठ-सत्तर अंशांची, तळाशी जेमतेम मिलिमीटरभर धातू राहील इतकी खोल. लोखंडावर वापरलेलं ग्राइंडिंग व्हील इथे चालत नाही, त्याचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात. स्टेनलेसच्या तारेचा एक ब्रश फक्त ॲल्युमिनियमसाठी ठेवा, त्याला लाल टेप गुंडाळा आणि वर्कशॉपातल्या पोरांना बजावून ठेवा.

उडालेल्या तुकड्याच्या जागी भंगारातल्या त्याच जातीच्या केसाचा तुकडा कापून बसवणं सगळ्यात बरं. नुसती कांडी घालून भोक भरत बसलं तर उष्णता फार जाते आणि केस पिळतो. पिळू नये म्हणून केसाचे दोन्ही अर्धे रिकामेच एकमेकांना सगळ्या बोल्टांनी आवळा, किंवा अर्धा केस जाड लोखंडी पाटावर कसून बांधा. भोकामागे तांब्याची पट्टी धरली तर वितळलेला धातू आत गळत नाही.

मशीनचं सेटिंग: एसी, २.४ मिमीचं टंगस्टन, आर्गन मिनिटाला ८ ते १२ लिटर. करंट जाडीच्या दर मिलिमीटरमागे साधारण ४० अँपिअर धरतात, तापवलेल्या कास्टिंगला त्याहून थोडा कमी पुरतो. कांडी ४०४३, म्हणजे पाच टक्के सिलिकॉनची. ५३५६ ही मॅग्नेशियमची कांडी दुकानदार "जास्त मजबूत" म्हणून पुढे करतो. सिलिकॉन असलेल्या इंजिन कास्टिंगला ती मानवत नाही, टाका चिरतो.

पहिला फेरा कांडीशिवाय. नुसती आर्क फिरवून खाचेचा पृष्ठभाग वितळवायचा. काळी घाण वर तरंगून येते, फसफसते. थांबा, थंड होऊ द्या, ती घाण बरनं काढा, परत वितळवा. डबकं आरशासारखं चमकायला लागलं की मगच कांडी. मुंबई-पुण्याहून "पूर्वी वेल्डिंग केलंय पण टिकलं नाही" म्हणून आलेल्या जवळजवळ प्रत्येक कामात हा फेरा चुकवलेला असतो. वेळ लागतो, आणि वेल्डर तासावर पैसे घेत नाही, नगावर घेतो. त्यामुळे त्याचा दोष मी अर्धाच धरतो.

पुढे वीस-पंचवीस मिलिमीटरचे छोटे टाके, एक इकडे तर दुसरा दूर तिकडे. टाका संपवताना करंट हळूहळू उतरवा, एकदम सोडलात तर शेवटी तारा उमटतो आणि तिथूनच नवी चीर निघते. झालं की राखेत किंवा जाड गोधडीसारख्या ग्लासवूलमध्ये गुंडाळून ठेवा. पंख्याखाली ठेवू नका. पाणी तर नाहीच.

आमच्याकडच्या हवेचं एक सांगायचं राहिलं. दुपारी खारे वारे सुटले की दारातून येणारी झुळूक आर्गन उडवून नेते आणि टाका काळा पडतो. मी केसाची कामं सकाळी लवकर, दार ओढून करतो. जून ते सप्टेंबर तर थंड धातूवर हवेतलं पाणी धरतं, त्या पाण्यातला हायड्रोजन वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये शिरतो आणि थंड होताना बुडबुडे ठेवून जातो. पावसाळ्यात कास्टिंग कोमट केल्याशिवाय आर्क पेटवू नका, आणि ओल्या कोब्यावर उभं राहून तर अजिबात नको. पायाखाली कोरडी फळी घ्या.

केस झाला, आता तपासा

केसाचा तो भाग रॉकेलनं भरा, खाली वर्तमानपत्र पसरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर डाग असेल तर परत बसा.

येझदी टू-स्ट्रोक असल्यामुळे, म्हणजे तिचं पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँकच्या खोलीतूनच जात असल्यामुळे, आणखी एक गोष्ट येते. चीर गिअरबॉक्सच्या बाजूला असेल तर फार तर तेल गळेल. ती क्रँकच्या खोलीपर्यंत गेली असेल तर सुईच्या टोकाएवढ्या भोकातूनही हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापून धरतो. अशा वेळी इंजिन जोडल्यावर इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं रबर आणि पत्र्यानं बंद करून साधारण ६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरायची आणि सहा मिनिटं ती टिकते का बघायचं. याला मी रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि तबकडी वापरतो. तबकडीवर ३०० आलं म्हणजे जवळजवळ सहा पीएसआय झाले. साबणाचं पाणी लावलं की गळती स्वतः बोलते.

जोडाचा सपाट चेहरा जाड काचेवर ४०० नंबरचा एमरी पेपर ठेवून आठाच्या आकारात घासा. बेअरिंगची जागा लेथवाल्याकडून मोजून घ्या. बेअरिंग हातानं सहज आत जात असेल तर केस पसरलाय, ते आधी सोडवा.

बिडाचा ब्लॉक आणि फिना

तुटलेली फिन जपून ठेवली असेल तर अर्धं काम झालं. नसेल तर भंगार ब्लॉकची कापून आणा.

बिडाला मी शक्यतो पितळेनं जोडतो. गॅसची ज्योत, पितळेची कांडी आणि टाकणखार. बीड स्वतः वितळवायचं नाही. पितळ नऊशे अंशांच्या आसपास पाण्यासारखं पसरतं आणि बिडाला धरतं. फिनेवर ताण नसतो, तिला एवढं पुष्कळ. टिग असेल तर सिलिकॉन ब्राँझची कांडी डीसीवर कमी करंटनं वापरा, उष्णता आणखी कमी जाते.

तुटलेले काठ कानशीनं साफ करा. ग्राइंडरनं बिडातलं ग्राफाइट पृष्ठभागावर काजळासारखं पसरतं आणि पितळ सरकून जातं. शेजारच्या दोन फिनांमध्ये तांब्याच्या पट्ट्या अडकवल्या की फिन बरोबर जागी उभी राहते. ब्लॉक सगळ्या बाजूंनी हळूहळू २५०-३०० अंशांपर्यंत तापवा, एकाच ठिकाणी ज्योत धरलीत तर टणकन आवाज येईल आणि तो आवाज विसरता येत नाही. काम झाल्यावर भाताच्या तुसाच्या राखेत पुरा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत उघडून बघायचा मोह आवरा. पितळ तापताना पांढरा धूर निघतो तो जस्ताचा. कोंदट जागेत छातीत गेला तर रात्री हिवताप आल्यासारखी थंडी वाजते. दारं उघडी हवीत.

फ्लँजला किंवा एक्झॉस्टच्या तोंडाला चीर असेल तर पितळ मला पटत नाही, तिथे निकेलची कांडी. इंचभर टाका, लगेच छोट्या हातोडीच्या गोल टोकानं हलके ठोके, हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं, मग पुढचा इंच. दिवस जातो.

आणि हे सगळं रीबोअरच्या, म्हणजे सिलिंडरचं भोक नव्यानं कापून घेण्याच्या, आधी. नवा बोअर करून आणलेला ब्लॉक वेल्डिंगला देणारे दर वर्षी एक-दोन भेटतात. उष्णतेनं बोअर अंडाकृती होतो आणि पैसे दोनदा जातात.

फ्रेम

फ्रेम साध्या लोखंडाची, त्यामुळे सगळ्यांना सोपी वाटते. किनाऱ्यावर पाइप आतून गंजतो. बाहेर रंग शाबूत आणि आत पापडासारखा पत्रा. छोट्या हातोडीनं वाजवत जा. आवाज बसका झाला की तिथे कापा, आणि चांगला धातू लागेपर्यंत कापत जा. गंजलेल्या पाइपावर ठिगळ लावलं तर ठिगळाच्या कडेलाच तुटतं.

जोडताना आत घट्ट बसणारा पाइपाचा तुकडा घाला, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच. बाहेरच्या पाइपाला ८ मिमीची भोकं पाडून त्यातून आतल्या तुकड्याला टाके भरा, मग सांधा. सांधा तिरपा कापलेला असावा. आडव्या गोल टाक्यावर सगळा वाक एकाच रेषेत येतो. २.५ मिमीची ६०१३ कांडी ७०-८० अँपिअरला दोन मिमीच्या पाइपाला पुरते. ७०१८ वापरणार असाल तर ती आधी ३०० अंशांच्या वर तासभर भाजलेली हवी. आपल्या पावसाळ्यात उघड्या पाकिटातली ७०१८ म्हणजे ओला पापड.

काही जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या फ्रेमला पाइप बिडाच्या किंवा फोर्जिंगच्या लगमध्ये (सांध्याच्या पोकळ तुकड्यात) घालून पितळेनं जोडलेले असतात. त्या पितळेच्या जवळ आर्क नको. वितळलेलं तांबं-पितळ तापलेल्या पोलादाच्या कणांमध्ये शिरतं आणि आतून चिरा पाडतं. जिथे पितळ, तिथे पितळच.

बॅटरी, रेक्टिफायर काढून ठेवा, अर्थिंगचा चिमटा टाक्याला अगदी जवळ लावा. चासीस नंबर ठोकलेल्या भागावर टाकाही नको आणि ग्राइंडरही नको. पुढे आरटीओपुढे गाडी उभी केलीत की तो घासलेला कोपरा तुम्हाला चोर ठरवतो.

टाकी

पेट्रोलची टाकी रिकामी झाली म्हणजे सुरक्षित झाली, हा समज माणसं मारतो. भरलेल्या टाकीपेक्षा वाफ भरलेली रिकामी टाकी जास्त वाईट. "वर्षभर कोरडी पडलीय" हे ऐकून मी कधीच आर्क पेटवत नाही. गंजाच्या पापुद्र्यांखाली पेट्रोल दडलेलं असतं आणि पत्रा तापला की वाफ होऊन बाहेर येतं.

कॉक, झाकण काढा. कढत पाणी, पावडर आणि मूठभर नट आत टाकून खळखळवा, पाणी बदलत चार-पाच वेळा. मग टाकी अशी कलती ठेवा की भोक सगळ्यात वर येईल, आणि भोकाच्या खाली बोटभर जागा सोडून पाण्यानं पूर्ण भरा. उरलेल्या बोटभर जागेत आर्गन सोडा. झाकणाचं तोंड उघडंच हवं.

सुईच्या भोकांना वेल्डिंगची गरज नसते. पूर्वी तांबट डाग द्यायचे तसं कथील-शिशाचं झाळकाम पुरतं: पत्रा चकचकीत घासा, नवसागर लावा, तापवलेल्या तांब्याच्या ठोकळ्यानं कथील पसरवा आणि नंतर नवसागर स्वच्छ धुवा, नाहीतर खाऱ्या हवेत तोच गंज धरतो. मागच्या खोलगट भागात चाळण झाली असेल तर तेवढा पत्रा कापून नवा बसवणं हाच उपाय, आणि ते काम हात बसलेल्या माणसाकडे द्या.

तुटलेला स्टड

केसात तुटलेल्या स्टडवर त्याच्यापेक्षा मोठं भोक असलेला नट ठेवून आतून टाका भरा. उष्णतेनं ॲल्युमिनियमची पकड सैल होते. कोमट असतानाच पाना लावा आणि पुढे-मागे, पुढे-मागे फिरवत काढा. आटे गेले असतील तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवा, भोक भरून परत आटे पाडण्यापेक्षा ते मजबूत होतं.

स्टड काढताना टॅप किंवा ड्रिल आतच मोडला तर न्हाव्याकडची तुरटी कामाला येते. कढत पाण्यात विरघळेल तितकी तुरटी विरघळवा, केस त्यात ठेवा आणि पाणी गरम राहील असं बघा. पोलाद हळूहळू काळं पडून विरघळतं, ॲल्युमिनियम जवळजवळ तसंच राहतं. काही तास, कधी दोन दिवस. फक्त केसात पोलादी किंवा बिडाचा दुसरा भाग बसवलेला असेल तर तोही विरघळेल, हे लक्षात ठेवा.

याला हात लावू नका

पुढच्या फोर्कचे पाइप, चाकाची ॲक्सल, हँडल, कनेक्टिंग रॉड, ब्रेकचा रॉड. आंबा घाट उतरताना वेल्डिंग केलेलं हँडल एका हातात सुटलेला माणूस माझ्या ओळखीचा आहे. कठड्यानं वाचला. हे भाग नवे घ्या, नवे नाही मिळाले तर गाडी पडवीत ठेवा.

डोळ्यांचंही सांगून टाकतो: काच १० किंवा ११ नंबरची, आणि शेजारी उभं राहून बघणाऱ्यालाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं की आमच्याकडे बटाट्याच्या चकत्या ठेवतात. गार वाटतं, पण डॉक्टरकडे जा.

गुरुजी केस न्यायला आले तेव्हा चष्मा कपाळावर सारून बराच वेळ टाका बघत राहिले. म्हणाले, "अरे, हे माशाच्या खवल्यांसारखं दिसतंय. घासून गुळगुळीत नाही का करणार?"

"नको, गुरुजी. घासला तर टाक्याची जाडी जाईल. आणि पुढे कधी दुसऱ्या कुणी हा केस उघडला तर त्याला दिसायला हवं, इथे जोड आहे म्हणून."

त्यांनी अंगठा फिरवून बघितला, मग पिशवीतून ओले काजूगर काढून बाकावर ठेवले. मी त्यांना सांगितलं, शंभर किलोमीटर झाले की टाक्यावर पांढरा फडका फिरवून बघा, पाचशेला परत. पाचशेला ते स्वतः आले, फडका घडी करून खिशात आणला होता.